बेटावरचे डॉक्टर : जॉर्ज हंटिंग्टन

लाँग आयलंड हे अमेरिकेतील एक बेट. बेटावर कोण कुणाचा नातू हे सर्वांना ठाऊक असते. आम्हा बेटकरांना ते सांगायला नको. तेथे ९ एप्रिल १८५० रोजी जॉर्ज हंटिंग्टन यांचा जन्म झाला. आजोबा डॉक्टर, वडीलही डॉक्टर. वडिलांबरोबर रोग्यांकडे जाताना छोट्या जॉर्जला रस्त्यात दोघी मायलेकी दिसल्या. दोघींचे अंग सारखे वेडेवाकडे हलत होते. तो घाबरला, पण विसरला नाही.

१८७२ मध्ये त्यांनी या रोगावर लेख छापला. वय अवघे बावीस! त्या वयात आम्ही पाठटाचणे लिहीत होतो. रोग आईबापांकडून येतो. एखादे मूल सुटले तर त्याची संततीही सुटते, असे त्यांनी दाखवले. आजोबा व वडिलांनी त्याच घराण्यांच्या पिढ्या पाहिल्या होत्या, म्हणून हे कळले. मुंबईत डॉ. नोशीर वाडिया यांनीही १९७१ मध्ये नऊ घराणी तपासून अशाच एका आनुवंशिक रोगाचे वर्णन केले.

हंटिंग्टन पुढे साधे कुटुंब-डॉक्टरच राहिले. १९१६ मध्ये ते वारले. रोगाचे जनुक १९९३ मध्ये सापडले. आता चाचणी करता येते. पण त्या घराण्यांतील पुष्कळ जण ती करून घेत नाहीत.