प्रकाश आणि उष्णतेचा अभ्यासक : जॉन टिंडल

लेसर शस्त्रक्रियेत जखमेभोवती ओले टॉवेल ठेवण्याची पद्धत आहे. काचतंतूच्या तापलेल्या टोकाने कोरडे सुती कापड पेटू शकते, हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. तंतूतून जाणारा प्रकाश आणि टोकावरील उष्णता, या दोन्हींमागील तत्त्वांचा अभ्यास जॉन टिंडल यांनी दीडशे वर्षांपूर्वी केला होता.

आयर्लंडमध्ये १८२० साली पोलिस शिपायाच्या घरी जन्मलेल्या टिंडल यांनी आरंभी जमीन मोजणीचे काम केले. पुढे जर्मनीत डॉक्टरेट मिळवून १८५३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. पाण्याच्या वळणाऱ्या धारेबरोबर प्रकाशही वळतो, हे त्यांनी १८५४ मध्ये श्रोत्यांना दाखविले. जिनिव्हाच्या कोलाडन यांनी हा प्रयोग आधीच केला होता. काचतंतूचे तत्त्वही हेच आहे.

वायू किती उष्णता शोषतात, याचे मोजमाप टिंडल यांनी १८५९ पासून केले. जे शोषते, तेच तापते. स्वच्छ काच प्रकाशाला पुढे जाऊ देते. मात्र टोकावर रक्त जळून काजळी साचली, की ती प्रकाश शोषून शेकडो अंशांपर्यंत तापते. त्या उष्णतेने ऊती कापल्या जातात, तशी काचही तडकते. म्हणूनच शल्यविशारदाला टोकावर सतत लक्ष ठेवावे लागते.

टप्प्याटप्प्याने उकळून चिवट जंतुबीजे नष्ट करण्याची रीतही टिंडल यांचीच. ४ डिसेंबर १८९३ रोजी पत्नीच्या हातून चुकून झोपेच्या औषधाची जादा मात्रा दिली गेली आणि त्यांचे निधन झाले.