ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल
सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल (८ जुलै, १८९७ – १८ एप्रिल, १९९१) हे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. परंतु पहिल्या महायुद्धात वैमानिक असताना क्षयरोगाने गाठले. दीर्घ आजारपणात त्यांनी पत्रद्वारा अर्थशास्त्राची पदवी मिळवली. १९३७ मधील 'द लॅन्सेट'मधील त्यांच्या लेखमालेने गणिताला बिचकणाऱ्या डॉक्टरांना संख्याशास्त्राची मूलतत्त्वे सोप्या भाषेत शिकवली. तिचेच पुढे पुस्तक झाले. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत (१९४८) औषध कोणाला द्यायचे, हे त्यांनी डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक अंकांवर सोपवले. औषधाचा साठाच अपुरा असल्याने ही विभागणी अन्यायाची ठरत नव्हती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर न मिळालेल्या ५२ पैकी १४ दगावले. १९५० साली रिचर्ड डॉल यांच्यासह त्यांनी धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांतील संबंध दाखवून दिला.