विश्लेषण : पेरणी कमी करण्यासाठी सरकारी पैसे! अमेरिकी शेतकऱ्याला भावाचा आधार देणारे हेन्री वॉलेस कोण होते?

हमीभाव आणि थेट अनुदान यांवरून जगभर वाद झडतात. अमेरिकेत या व्यवस्थेचा पाया १९३३ मध्ये घातला गेला. त्यावेळचे कृषिमंत्री होते हेन्री वॉलेस.

कार्व्हर यांच्याशी काय नाते?

वॉलेस यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८८ रोजी आयोवा राज्यातील अडेर या ग्रामीण काउंटीत, शेतकरी घरात झाला. वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात शिकवत. ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी घरांत पोहोचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तेव्हा तिथेच होते. लहानग्या हेन्रीला ते झाडे-पाने ओळखायला रानात घेऊन जात. पुढे वॉलेस यांनी घरचे शेतीविषयक साप्ताहिक सांभाळले, मक्याच्या संकरित वाणांवर काम केले आणि १९२६ मध्ये बियाणे कंपनी काढली.

भाव का कोसळले?

पहिल्या महायुद्धात युरोपसाठी अमेरिकी शेतकऱ्यांनी पिकाखालील क्षेत्र वाढवले. युद्ध संपताच मागणी आटली, पीक मात्र तेवढेच येत राहिले. १९३२च्या सुमारास मका इतका मातीमोल झाला, की आयोवातील काही शेतकरी कोळशाऐवजी शेगडीत मकाच जाळत. १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी वॉलेस यांना कृषिमंत्री केले.

अनुदान कसे मिळे?

मे १९३३च्या कायद्यानुसार क्षेत्र कमी करणाऱ्या शेतकऱ्याला सरकार मोबदला देई. हा पैसा शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांवरील करातून येई. काउंटीतील करारांचे काम स्थानिक शेतकऱ्यांच्याच समित्या पाहत. शिवाय मका तारण ठेवून बुशेलमागे (सुमारे २५ किलो) ४५ सेंट कर्ज मिळे. भाव त्याखाली गेला तर मका सरकारचा आणि कर्ज माफ.

टीका कशामुळे झाली?

कायदा येईपर्यंत १९३३चा कापूस पेरून झाला होता. त्यामुळे सुमारे १ कोटी एकरांवरील उभे पीक नांगरले गेले, सुमारे ६० लाख डुकरे मारली गेली. लोक उपाशी असताना हे घडल्याने संताप उसळला. वॉलेस यांनाही हा उपाय रुचला नव्हता.

दुसरी जखम अधिक खोल होती. दक्षिणेत मोबदला मुख्यतः जमीनमालकांकडे गेला. क्षेत्र घटताच अनेकांनी वाट्याने कसणाऱ्या कुळांना बाहेर काढले. त्यात कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती. खात्यातील काही अधिकाऱ्यांनी कुळांची बाजू घेतली, तेव्हा १९३५ मध्ये त्यांनाच नारळ मिळाला. वॉलेस यांनी त्याला संमती दिली.

पुढे काय झाले?

१९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कर घटनाबाह्य ठरवला. १९३८च्या नव्या कायद्यात वॉलेस यांची आवडती कल्पना आली : सुगीत धान्य साठवायचे, दुष्काळात बाहेर काढायचे. १९४१ ते १९४५ ते उपाध्यक्ष होते. १९४८ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक ते हरले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

काउंटी समित्या अमेरिकेत आजही आहेत. मदत सातबाऱ्यावरील मालकाला द्यायची की प्रत्यक्ष कसणाऱ्याला, हा वॉलेस यांना न सुटलेला प्रश्न महाराष्ट्रातही जुना झालेला नाही.