धनंजयराव गाडगीळ

सरकारने दुष्काळी मुलखात कालवा काढला, तर त्याचा लाभ किती झाला हे कसे मोजावे? शेतकऱ्यांकडून पाणीपट्टी किती वसूल झाली, एवढेच पूर्वी पाहिले जाई. ह्या हिशेबाने दख्खनमधील अनेक कालवे तोट्याचे ठरत. हा हिशेब अपुरा आहे, हे गावोगावची माहिती गोळा करून ज्यांनी दाखवून दिले, ते थोर अर्थशास्त्रज्ञ म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण नागपुरास झाले. पुढे ते केंब्रिज विद्यापीठात गेले. भारतातील उद्योगधंद्यांच्या वाढीवर त्यांनी तेथे लिहिलेला प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. स्वदेशी परतल्यावर काही वर्षे ते सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

१९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्यांनी तिची धुरा वाहिली. देशाच्या प्रश्नांचा अभ्यास केवळ ग्रंथालयात बसून होत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून संस्थेचे कार्यकर्ते वाई तालुक्यातील शेतांत आणि पुणे शहरातील घरोघरी जाऊन माणसांचे उत्पन्न, खर्च व कामधंदा यांची नोंद करीत.

ह्याच रीतीने गोदावरी आणि प्रवरा या नद्यांच्या कालव्यांची पाहणी झाली. कालव्याखालील गावे आणि तशाच जमिनीची कोरडवाहू गावे यांची तुलना करण्यात आली. पाणी आल्यामुळे पिके वाढतात, मजुरांना अधिक काम मिळते आणि व्यापारासही चालना मिळते. हा सारा समाजाचा लाभ होय. तो सरकारी तिजोरीत दिसत नाही, म्हणून नाहीसा होत नाही. हा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. सार्वजनिक पैसा कोठे खर्च करावा, हे ठरविण्याची एक नवी दृष्टी त्यामुळे मिळाली.

परंतु धनंजयराव अहवाल लिहून थांबले नाहीत. प्रवरेच्या पाण्यावर ऊस पिकत असला, तरी लहान शेतकरी कर्जात बुडालेले होते. लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी सर्वांच्या मालकीचा साखर कारखाना काढण्याचे मनावर घेतले. धनंजयरावांनी त्यांना साथ दिली व कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले. केंब्रिजचा पदवीधर आणि खेड्यातील शेतकरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. १९५० साली महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला.

पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९६७ पासून नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना मर्जीप्रमाणे न मिळता निश्चित नियमाने मिळावी, म्हणून १९६९ साली एक सूत्र ठरले. त्यात लोकसंख्येला सर्वाधिक, म्हणजे शेकडा ६० इतके महत्त्व होते. गरीब राज्यांसाठीही वेगळा वाटा होता. ते 'गाडगीळ सूत्र' म्हणून ओळखले जाते.

३ मे १९७१ रोजी दिल्लीहून पुण्यास परतत असता आगगाडीतच त्यांचे देहावसान झाले. आधी सत्य शोधावे, मग निर्णय घ्यावा आणि त्या निर्णयाचा भार स्वतःही उचलावा, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.