सूर्यामागे यंत्र फिरवणारा मुलगा : एडवर्ड बर्नार्ड

उन्हाळ्याच्या रात्री वृश्चिक राशीतली लालसर ज्येष्ठा तुम्ही पाहिली असेलच. तिच्या अगदी शेजारी एम ४ हा गोलाकार तारकागुच्छ आहे. हजारो ताऱ्यांचा हा पुंजका आपल्यापासून सुमारे ६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. या भागाचे फोटो १९०५ मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सनवरून एडवर्ड इमर्सन बर्नार्ड यांनी काढले.

बर्नार्ड यांचा जन्म १८५७ मध्ये नॅशव्हिल येथे झाला. वडील जन्माआधीच वारले होते. घरात अठराविश्वे दारिद्र्य. शाळा मिळाली ती जेमतेम दोन महिने! वयाची नऊ वर्षे पूर्ण होण्याआधीच ते फोटो स्टुडिओत कामाला लागले. काम काय, तर फोटो मोठे करणारे यंत्र दिवसभर सूर्याच्या दिशेने फिरवत ठेवायचे. किती कंटाळवाणे, नाही का?

पण हाच चिवटपणा पुढे कामी आला. अंधुक तारे काचेवर उमटायला तासन्‌तास लागत. तेवढा वेळ दुर्बीण एकाच ताऱ्यावर रोखून धरावी लागे. जरा ढळली की ताऱ्यांच्या रेघा होत. शिवाय ज्येष्ठेचा उजेड काचेवर पसरे तो वेगळाच.

१८९२ मध्ये त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह शोधला. १९२३ मध्ये ते गेले. त्यांच्या आकाशगंगेच्या फोटोंचा संग्रह १९२७ मध्ये निघाला. तो त्यांना पाहता आला नाही.

आपल्या वर्गातही घरच्या अडचणींमुळे शाळा बुडवणारे एखादे मूल असेल. त्याला एकदा बायनॉक्युलरमधून ज्येष्ठेशेजारचा तो धूसर ठिपका दाखवा आणि ही गोष्ट जरूर सांगा.