काशीचे नाडीवैद्य पंडित सत्यनारायण शास्त्री

वाराणसी : काशीच्या आयुर्वेद परंपरेत पंडित सत्यनारायण शास्त्री यांचे नाव नाडीपरीक्षेशी कायमचे जोडले गेले आहे. १८८७ मध्ये जन्मलेल्या शास्त्रीजींनी कविराज धर्मदास यांच्याकडे आयुर्वेदाचे अध्ययन केले. बंगालचे थोर वैद्य गंगाधर राय यांच्यापासून ही गुरुपरंपरा चालत आली होती.

बनारस हिंदू विश्वविद्यालयात शास्त्रीजींनी आयुर्वेदाचे अध्यापन केले. देशाचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांचे ते मानद चिकित्सक होते. पद्म पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्यांना पद्मभूषण प्रदान करण्यात आले. चरकसंहितेचे ते गाढे अभ्यासक होते. मात्र नाडीपरीक्षेचे पद्धतशीर विवेचन चरकात नाही, ते नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेत आढळते. थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक, असा इशारा त्या ग्रंथात आहे.

शास्त्रीजींचे १९६९ मध्ये निधन झाले. पुढील दशकांत ईसीजीच्या आलेखावरील हृदयाच्या लयीच्या मोजमापातून अतिशय एकसारखी चालही धोक्याची खूण ठरू शकते, हे स्पष्ट झाले. निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर सतत किंचित कमी-अधिक होत असते. मज्जासंस्थेचा एक भाग गती वाढवतो, दुसरा ती मंदावतो. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती क्षीण झाली की गती वाढवणारा भाग वरचढ होतो आणि हे चढउतार घटतात.

ब्रिटनमध्ये अशा ४३३ रुग्णांच्या चोवीस तासांच्या ईसीजी नोंदी अभ्यासण्यात आल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ठोक्यांमधील अंतराचे प्रमाण विचलन १०० मिलिसेकंदांहून अधिक असलेल्या गटात वार्षिक मृत्युदर ५.५ टक्के होता. ५० मिलिसेकंदांहून कमी असलेल्या गटात तो ५१.४ टक्के आढळला.

इतका सूक्ष्म फरक बोटांनी मोजता येत नाही. त्यामुळे नाडीपरीक्षा आणि ही पद्धत एकच मानणे योग्य ठरणार नाही. स्पर्शाचे ज्ञान गुरूने शिष्याचा हात धरून द्यावे लागते, तर आलेख कोणालाही पुन्हा तपासता येतो. तरीही मनगटावरील स्पंदनातून रुग्णाचे भवितव्य ओळखण्याची ज्या वैद्यांनी आयुष्यभर साधना केली, त्यांत शास्त्रीजींचे स्थान मानाचे आहे.