जॉन एबल : रक्तातले पाणी बदलणारा संशोधक

पाणी गाळताना आपण गाळ टाकतो आणि पाणी ठेवतो. बारवी धरणाचे पाणीही अंबरनाथ-उल्हासनगरच्या नळांना येण्याआधी असेच गाळले जाते. रक्ताच्या बाबतीत मात्र याच्या उलट करून पाहिले ते जॉन जेकब एबल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने.

एबल यांचा जन्म १८५७ चा, ओहायो राज्यातला. युरोपात शिकून ते १८९३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रयोगशाळेतील स्फोटात एक डोळा गेला, तरी काम थांबले नाही. १९१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कुत्र्यांवर कृत्रिम मूत्रपिंडाचा प्रयोग केला. रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेला अर्क वापरला. १९१४ मध्ये पुढचे पाऊल टाकले : रक्त काढायचे, त्यातला द्रव म्हणजे प्लाझ्मा टाकून द्यायचा आणि पेशी क्षारयुक्त द्रावणात मिसळून परत शरीरात सोडायच्या. महायुद्ध सुरू झाले आणि हे काम मागे पडले. १९२६ मध्ये एबल यांनी इन्सुलिनचे स्फटिक मिळवले. १९३८ मध्ये ते वारले.

त्यांच्या कल्पनेचे चीज झाले ते गुलेन-बॅरे सिंड्रोममध्ये. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पायांतला अशक्तपणा वर चढतो, काहींचा श्वासही अडतो. नसांना इजा करणारी प्रतिपिंडे प्लाझ्मात असतात. मग तोच बदलला तर? १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी तसे करून पाहिले. पण अनेक रुग्ण आपोआपही बरे होतात. मग श्रेय कोणाला द्यायचे?

त्यासाठी अमेरिका-कॅनडातील २४५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. या चाचणीचे नेतृत्व एबल यांच्याच जॉन्स हॉपकिन्समधून झाले. १९८५ मध्ये निष्कर्ष आला : निम्मे रुग्ण आधाराविना चालू लागायला एरवी ८५ दिवस लागत होते, प्लाझ्मा बदललेल्या गटात ५३. उपचार लवकर सुरू केल्यास फायदा अधिक, हेही दिसले.

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात या आजाराची साथ आली, तेव्हा इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांबरोबर हा उपचारही हाताशी होता. दूषित पाण्यातून होणारा कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग हे या आजाराचे एक प्रमुख निमित्त. म्हणून पाणी उकळून प्यावे. जुलाबानंतर हातापायांत मुंग्या येऊन बळ कमी होऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.